थोरलीचा नवरा

"याच्या बोटांत जादू आहे!"

हा आवाज मास्तरांनी फार वर्षांपूर्वी ऐकला होता, आणि तेव्हापासून तो त्यांच्या कानात असा ऐसपैस मुक्काम करून बसला होता की घरजावयानंही त्याच्याकडून धडे घ्यावेत. आवाज उस्तादांचा. मास्तर तेव्हा मास्तर नव्हते, शिकाऊ होते. आतल्या खोलीत इस्त्री करत होते, आणि पडद्यापलीकडे उस्ताद आपल्या मुलीशी बोलत होते. "याच्या बोटांत जादू आहे!" पुढंही उस्ताद काहीतरी म्हणाले होते. पण तेवढ्यात ओल्या कॉलरवर इस्त्री टेकली, फुस्सकन वाफ उठली, आणि उरलेलं वाक्य वाफेबरोबर छताला जाऊन चिकटलं. मास्तरांना त्याची कधी रुखरुख वाटली नाही. स्तुती म्हणजे ऊस. गोड लागला तेवढा चघळायचा, चोथ्याची चौकशी कोण करतो!

पुढं उस्तादांची मुलगी मास्तरांची बायको झाली. उस्तादांचं दुकान मास्तरांचं झालं. उस्तादांचा मुलगा, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, सुईला कंटाळून पिठात हात घालायला गेला आणि गल्लीच्या टोकाला बेकरी टाकून बसला. दुकानात उरली दोन माणसं. मशीनवर मास्तर, आणि शेजारच्या स्टुलावर दोऱ्यांचा खण मांडीशी ओढून मास्तरीणबाई.

"लाल!" मास्तर मान वर न करता म्हणायचे. बाई लाल रीळ हातात ठेवायच्या.

"हिरवा!" बाई हिरवं रीळ ठेवायच्या.

एखाद्या मोठ्या सर्जनला नर्स कात्री देते, तसा सगळा थाट. मास्तरांना वाटायचं, एवढ्या मोठ्या कारागिरानं रिळं शोधत बसणं शोभत नाही, हे बायकोला बरोबर कळतं. बाई बॉबिन भरता भरता गुणगुणायच्या:

सुई गेली पुढं, दोरा तिच्या मागं,
शिवणीच्या वाटेवर कोण कुणा सांगं!

त्या स्टुलावर नसल्याचं एकदाच घडलं. बाई तापानं आडव्या होत्या, आणि बँकेतल्या साहेबांचा हिरवट कोट त्याच दिवशी द्यायचा होता. मास्तरांनी काजं स्वतः दोरा निवडून केली. साहेबांनी कोट हातात घेतला आणि पाहतच राहिले. "मास्तर! हा काय रंग!" मास्तर म्हणाले, "आहे की नाही!" साहेब तो कोट पुन्हा घालताना कुणाला दिसले नाहीत. मास्तर म्हणायचे, "जपून ठेवला असणार. चांगली वस्तू रोज थोडीच वापरतात!"

असे हे मास्तर. त्यांनी उतारवयात राक्षसी भोपळे लावायला घेतले, आणि इथून सगळा गुंता सुरू झाला.

कारण अर्थातच मेहुणा. गावाच्या बागकाम मंडळाचं दरवर्षी भाजीपाल्याचं प्रदर्शन भरायचं, आणि सगळ्यात जड भोपळ्याचा चांदीचा पेला दरवर्षी मेहुणा उचलून न्यायचा. नुसता न्यायचा नाही, तर बेकरीच्या काचेच्या कपाटात बिस्किटांच्या मधोमध मांडायचा! दाजी-मेहुण्याचं सख्य आधीच विळ्या-भोपळ्याचं, त्यात हा खराखुरा भोपळा!

"कणीक तिंबणाऱ्या हातांना जे जमतं," मास्तर जेवताना गरजले, "ते काज करणाऱ्या बोटांना जमणार नाही? मी नुसता भोपळा लावणार नाही. मी भोपळ्याची नवी जात काढणार आहे! लग्न लावून!"

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"थोरलीचं आणि पैलवानाचं!"

दुकानामागच्या अंगणात मास्तरांनी थोरली आणि पैलवान अशा दोन वेली वाढवल्या होत्या. थोरलीचा भोपळा अवाढव्य व्हायचा, पण साल नाजूक. जमिनीवर बसल्या जागी पसरायचा आणि ऐन वजनाच्या वेळी तडकायचा. पैलवानाचा भोपळा मध्यम, पण गोल गरगरीत, साल अशी की हातोडीनं हात जोडावेत. थोरलीचा घेर आणि पैलवानाची साल एकाच पोटी आली, की मेहुण्याचा पेला गेलाच म्हणून समजा!

तिसरी एक वेल कुंपणावर होती, ती बाईंची. तिला लहान, वाकड्या मानेचे, अंगभर चामखिळी असलेले भोपळे यायचे. दिसायला अगदीच गबाळे, चवीला मात्र गोड. मास्तर त्या वेलीकडे पाहायचेसुद्धा नाहीत. पण मधमाशीला कुठं खानदान कळतं? ती कुंपणावरच्या फुलात लोळून थेट थोरलीच्या घरात शिरायची! म्हणून सोयरीक माणसानं हातानं जुळवायची. भोपळ्याच्या वेलीवर फुलं दोन तऱ्हेची. नर फूल लांब बारीक दांडीवर उभं असतं. मादी फुलाच्या बुडाशी लिंबाएवढा भोपळा आधीच बसलेला असतो, आणि पराग मिळेपर्यंत तो नुसता वाट पाहतो. सकाळी मादी फूल उघडलं, की हव्या त्या वेलीचं नर फूल घ्यायचं, पाकळ्या सोलायच्या, आतली पिवळी भुकटी मादी फुलाला हळुवार लावायची, आणि माशी शिरायच्या आत फूल बंद करायचं. बस! बाकी लोक फूल चिकटपट्टीनं बंद करतात. मास्तरांनी थोरलीच्या कळीला मलमलचं टोपडं शिवलं. त्याला गुंडी, आणि गुंडीला काज!

गल्ली बघायला लोटली. "मास्तर, टोपड्याला खिसा नाही ठेवला?" मेहुण्यानं सायकलवरून विचारलं.

"तू आपले पाव बघ! करपतायत!" मास्तर म्हणाले.

कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी पैलवानाची नर फुलं कळीतच कापून आणली. पाण्याच्या पेल्यात ठेवली की ती सकाळी घरातच उघडतात, माशीचा स्पर्शही होत नाही. माशीला तिथंही काही सापडू नये म्हणून कुंपणावरच्या वेलीचीही नर फुलं त्यांनी कापली.

"माझ्या वेलीची कशाला कापलीत?" बाई म्हणाल्या. "तिला फळ नको का धरायला?"

"तुझी दुसऱ्या पेल्यात ठेवू. माझं काम झालं की तू सावकाश लाव तुझ्या वेलीला. लाल!"

बाईंनी लाल दोरा दिला. मास्तरांनी पैलवानाच्या फुलांना तो बांधला.

"हिरवा!"

बाईंनी हिरवा दिला. तो कुंपणावरच्या फुलांना. पैलवानाचा पेला बाईंनी कापणीच्या टेबलावर खिडकीच्या बाजूला ठेवला, आपला भिंतीच्या बाजूला. "खिडकीकडचा तुमचा," त्या म्हणाल्या. "विसरू नका. आणि मी हाताशी असतानाच लावा. फूल मी देईन."

एवढी चोख व्यवस्था. ती मोडली कुणी? स्वतः मास्तरांनी! बाई आत गेल्या आणि गल्लीत मेहुण्याच्या सायकलची घंटी वाजली. मास्तर दचकले. हेरगिरी! त्यांनी दोन्ही पेले उचलले, इस्त्रीच्या टेबलाखालच्या कपाटात लपवले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. सायकल निघून गेली. मेहुणा पावांची टोपली पोचवायला चालला होता.

सकाळी दिवस उगवता उगवता बेकरीतून निरोप आला. मेहुण्याचा हात भट्टीच्या दाराला भाजला होता आणि पाव आत होते. बाई तशाच पायांत चपला सरकवून निघाल्या. उंबऱ्यातून मागे वळल्या. "मी येईपर्यंत थांबा हं!"

"थांबतो, थांबतो!"

पण थोरली कुठली थांबायला! टोपड्याच्या आत फूल फुलून मलमल फुगली होती. ऊन चढलं की फूल कोमेजणार, मग सगळं मुसळ केरात! मास्तरांनी वाट पाहिली, म्हणजे दोनदा दारात जाऊन आले, आणि कपाट उघडलं.

दोन पेले. कुठला खिडकीकडचा, कुठला भिंतीकडचा? कपाटात ना खिडकी, ना भिंत! दुसरा कुणी असता तर गांगरला असता. मास्तर हसले. दोरे बांधलेत ते कशासाठी? त्यांनी दोन्ही पेले उजेडात धरले. एका पेल्यातला दोरा गडद, दुसऱ्यातला जरा फिका. लाल म्हणजे गडद, हे का कुणी शिकवावं लागतं? गडद दोऱ्याचं फूल त्यांनी उचललं. पैलवानाच्या मानानं ते जरा लहानखुरं वाटलं, पण पाण्यात राहून आकसलं असणार बिचारं.

आणि मग मास्तरांनी जे काम केलं ते खरोखर बघण्यासारखं होतं. बोटं अशी चालली जणू मोगऱ्याच्या कळीवर वारा. पाकळ्या सोलल्या. टोपड्याची गुंडी काढली. पिवळी भुकटी फुलाच्या आत सगळीकडून सारखी टेकवली, एक कण सांडला नाही. गुंडी पुन्हा लावली. एक मधमाशी आली, टोपड्यावर बसली, काज पाहिलं, आणि अपमान झाल्यासारखी निघून गेली. उरलेली फुलं मास्तरांनी बायकोसाठी पेल्यांसकट टेबलावर मांडून ठेवली.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या बाहीला पीठ होतं.

"झालं!" मास्तर छाती काढून म्हणाले.

बाई टेबलापाशी गेल्या आणि पेल्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. पाण्याच्या नळाखाली कळशी भरून वाहावी आणि कुणाच्या लक्षात येऊ नये, इतका वेळ उभ्या राहिल्या.

"काय गं?"

"काही नाही... लाल दोऱ्याचंच लावलंत ना?"

"मग काय, निळ्या दोऱ्याचं?"

"नाही म्हणजे... उद्या थोरलीची आणखी एक कळी उघडेल. तिलाही लावू या? या वेळी मी देते फूल."

"अगं, एकदा लागलेलं लग्न उद्या परत लावतात होय!"

बाईंनी तोंड उघडलं. मास्तरांचा चेहरा पाहिला. नव्या कोऱ्या आरशासारखा झगमगत होता. बाईंनी तोंड मिटलं.

भोपळा धरला. धरला म्हणजे काय, सुटलाच! मास्तरांनी थोरलीची बाकी सगळी फळं खुडून टाकली. एकाच लेकराला सगळं दूध! "एखादं तरी दुसरं राहू द्या," बाई विनवत होत्या. मास्तर ऐकतात कसले! भोपळा आधी उशीएवढा झाला, मग मशीनएवढा, मग मशीन, स्टूल आणि त्यावर बसलेले मास्तर मिळून होतील एवढा. प्रदर्शनात सहा जणांनी तो ताडपत्रीत घालून उचलला. काटा खाली गेला तो वर यायला तयार होईना. मेहुण्याचा भोपळा त्याच्याशेजारी गुंडीसारखा दिसत होता. मास्तरांना चांदीचा पेला मिळाला!

"अभिनंदन, दाजी!" मेहुणा म्हणाला. "पण भोपळा आईवर गेलाय. साल नाजूकच दिसते."

परीक्षक म्हणून आलेला बियाणेवाला म्हणाला, "तसंच असतं. पहिल्या वर्षी फळ आईचंच रूप घेतं. बाप बियांत दडून बसतो. पुढच्या वर्षी त्या बिया लावल्या की मग बापाचं तोंड दिसतं."

"दिसू दे की!" मास्तर म्हणाले. "बाप पैलवान आहे!" आणि विजयाच्या भरात त्यांनी खुर्चीवर चढून जाहीर केलं, की बी गावातल्या प्रत्येकाला मिळेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. फक्त बाईंनी कपाळाला हात लावला.

त्या हिवाळ्यात बाई विचित्र वागायला लागल्या. भोपळा फोडला त्या दिवशी मास्तर अंघोळीहून आले, तर बिया मीठ लावून तव्यावर पडायच्या बेतात!

"अगं, अगं! काय करतेस! माझी नातवंडं भाजतेस?"

"चार खाल्ल्या तर काय बिघडतं?"

"चार? परात आहे ही!"

मग एकदा बिया वाळत घातलेली चादर 'चुकून' कोंबड्यांच्या दिशेनं झटकली गेली. मग एकदा बाई सरळच म्हणाल्या, "नका ना वाटू. आधी आपण एक लावून बघू. बाप कसा निघतो ते कळू दे."

"तुझा माझ्या बोटांवर विश्वास नाही?"

"बोटांवर आहे हो," बाई म्हणाल्या, आणि उठून चहा टाकायला गेल्या.

मास्तरांनी प्रत्येक घरासाठी कापडाची चिमुकली पिशवी शिवली, आत बिया घातल्या, आणि दारोदार फिरून वाटल्या. डॉक्टरांना, बँकेतल्या साहेबांना, शाळेला, पोस्टाला. मेहुण्यालाही एक दिली. "घे! तुलाही कळू दे, पैलवान काय चीज असते!" मेहुण्यानं पिशवी घेतली, आपल्या ताईकडे पाहिलं, ताईनं जमिनीकडे पाहिलं, आणि पिशवी त्याच्या खिशात गेली.

दुसऱ्या वर्षी अख्खं गाव भोपळ्याच्या पानांखाली गेलं. लोकांनी गुलाब उपटून भोपळा लावला. पोस्टाच्या पायरीवरून वेल टपालपेटीत शिरली. पहिला धक्का डॉक्टरांकडून आला. ते दवाखाना उघडा टाकून दुकानात शिरले.

"मास्तर, भोपळ्याला चामखिळी आल्यात!"

"डॉक्टर तुम्ही की मी?"

"माणसांचा आहे मी! मान पण वाकडी झालीय त्याची!"

"पैलवानाचं वळण आहे ते," मास्तर ठामपणे म्हणाले. "कुस्तीच्या पवित्र्यात आहे तो! वयात आला की सरळ होईल."

मग साहेब आले. मग पोस्टातून माणूस आला. सगळ्यांची तक्रार एकच: मान वाकडी, अंगावर चामखिळी, आणि वाढ उशीएवढ्यावर थांबलेली. मास्तर प्रत्येकाला धीर देत होते. "पाणी कमी घाला." दुसऱ्याला, "पाणी जास्त घाला." तिसऱ्याला, "त्याच्याकडे सारखं बघू नका, बुजतो!" रात्री मात्र ते अंगणात जाऊन आपल्या वेलीवरच्या भोपळ्याकडे पाहत राहायचे. तो भोपळा मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहायचा. कुठंतरी पाहिल्यासारखा वाटायचा.

"याचा चेहरा ओळखीचा का वाटतो गं?"

"झोपा आता," बाई म्हणायच्या.

प्रदर्शनासाठी मास्तरांनी नवं जाकीट शिवलं. बाई भावाच्या बेकरीत मदतीला जात होत्या, म्हणून सगळं एकट्यानं. ठाणाचे दोन तुकडे उरले होते, मास्तरांच्या नजरेला एकाच तपकिरी कापडाचे. एकाची पुढची बाजू केली, दुसऱ्याची पाठ. सांधा असा बेमालूम की भिंग लावूनही सापडू नये! प्रदर्शनाच्या सकाळी बाई सामान घेऊन पुढं गेल्या होत्या. मास्तर मागून आले, भोपळा काखेत मारून. हो, काखेत! सहा माणसं ठरवून ठेवली होती, ती रिकाम्या हातानं मागून चालत होती आणि का कोण जाणे, मास्तरांच्या पाठीकडे पाहून खोकत होती.

मंडपाच्या दारात मेहुणा भेटला. त्यानं मास्तरांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि घाईघाईनं आपला कोट काढला. "दाजी, वारं आहे. हा घाला."

"ऊन पडलंय लख्ख! जळू नकोस, माझ्या जाकिटावर!"

बाईंनी मास्तरांना पाहिलं. हातातली टोपली घसरली. तोंड उघडलं, मिटलं.

आत टेबलांवर दृश्य असं, की जणू एकाच आईची शंभर पोरं शाळेच्या फोटोसाठी बसलीत! डॉक्टरांचा भोपळा, साहेबांचा भोपळा, शाळेचा, पोस्टाचा... सगळ्यांची मान त्याच बाजूला वाकडी, सगळ्यांच्या चामखिळी सारख्याच. बियाणेवाला एकामागून एक भोपळा उचलत होता आणि त्याचे डोळे मोठे होत होते.

"कमाल आहे! इतका चोख संकर मी जन्मात पाहिला नाही. एका बीलाही परका पराग लागलेला नाही! मास्तर, हाताची कमाल आहे तुमच्या!"

मास्तर फुलले.

"फक्त," बियाणेवाला म्हणाला, "नवरा चुकला. हे पैलवानाचं नाही. तुमच्या कुंपणावर ते वाकड्या मानेचे भोपळे लोंबतात ना, त्यांचं पोर आहे हे."

मंडपात हशा असा फुटला की तंबूचे दोर ढिले झाले. आणि त्या गोंधळात, टोकाच्या टेबलावर, मास्तरांना एकच भोपळा वेगळा दिसला. मोठा, गोल, सरळ मानेचा. मेहुण्याचा!

"तू माझं बी लावलं नाहीस?"

"नाही लावलं, दाजी."

"का?"

मेहुण्यानं ताईकडे पाहिलं. मास्तरांच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. म्हणजे, चुकीचं जुळलं.

"तुला माहीत होतं! अख्ख्या गावात तुला एकट्याला माहीत होतं! सायकलवरून टेहळणी तू केलीस! हात भाजल्याचं नाटक करून हिला तू बोलावलंस, आणि माझे पेले तूच बदललेस! उस्तादांचा मुलगा म्हणून घेतोस? आजपासून माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही! आणि हिनंही तुझ्या दारात जायचं नाही!"

हशा थांबला. मेहुण्याच्या मनगटावर भट्टीचा डाग अजून तांबूस होता. त्यानं तो बाहीत ओढून घेतला. "ताई," तो हळूच म्हणाला, "मी काही बोलत नाही. बाबांना शब्द दिलाय. माझ्याकडे येणं बंद झालं तरी चालेल."

बाईंनी टोपली खाली ठेवली. मास्तरांचं मनगट धरलं, भावाला डोळ्यांनी खुणावलं, आणि दोघांना मंडपाच्या मागं नेलं, जिथं रिकामे खोके आणि ताडपत्र्या पडल्या होत्या. तिथं त्यांनी पिशवीतून दोन रिळं काढली. ती त्यांच्या पिशवीत नेहमीच असायची.

"यातलं लाल कुठलं?"

"ही काय वेळ आहे का..."

"दाखवा ना."

मास्तरांनी तुच्छतेनं गडद रिळावर बोट ठेवलं. मेहुण्यानं मान दुसरीकडे वळवली.

"हा हिरवा आहे," बाई म्हणाल्या. "बाटलीसारखा गर्द हिरवा. तुमच्या डोळ्यांना लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. पहिल्यापासून. पेले कुणी बदलले नाहीत. ते फूल तुम्हीच उचललंत."

मास्तर हसायला गेले, पण हसू मशीनमधल्या दोऱ्यासारखं मध्येच तुटलं. साहेबांचा कोट डोळ्यांपुढून गेला. टोमॅटो नेहमी बाईच का तोडायच्या, तेही आठवलं. स्टूल आठवलं. दोऱ्यांचा खण आठवला.

"पण उस्ताद... उस्ताद म्हणाले होते, मी कानांनी ऐकलंय! 'याच्या बोटांत जादू आहे!'"

"म्हणाले होते. पण तुम्ही अर्धंच ऐकलंत. पुढं म्हणाले, 'पण पोराला लाल-हिरवं कळत नाही. सांगितलं तर सुई खाली ठेवेल. त्याला दोरा देणारं कुणीतरी जन्मभर शेजारी बसायला हवं.'"

"मग?"

"मग काय! मी बसले."

मंडपात कुणीतरी कर्ण्यावरून मेहुण्याच्या भोपळ्याचं वजन जाहीर करत होतं. मेहुणा जागचा हलला नाही. मास्तरांनी दोन्ही रिळं हातात घेतली, उलटसुलट केली, उन्हात धरली. एक गडद, एक फिकं. आयुष्यभर दिसत आली होती तशीच.

"त्या सकाळीच का नाही सांगितलंस? अख्खं गाव हसलं!"

"तुमचा चेहरा पाहिला आणि नाही सांगता आलं. वाटलं, गाव काय, हसून विसरेल. पण माझा भाऊ तुटायला लागला. मग बोलावंच लागलं."

मास्तरांनी दोन्ही रिळं बायकोच्या हातात परत ठेवली. मग मेहुण्याजवळ गेले, त्याच्या बाहीची कड वर सारली, डागाकडे पाहिलं, आणि उसवलेली शिवण चाचपावी तशी त्यावरून बोटं फिरवली. "दुखतं का रे अजून?"

"नाही, दाजी. थंडीत जरा खेचतं."

"बाही जरा सैल करून देतो. घासायची नाही." त्यांनी घसा खाकरला. "दोरा ही देईल."

मेहुण्यानं मान हलवली आणि पुन्हा एकदा आपला कोट पुढं केला. "आता तरी घाला, दाजी."

मास्तर कोटाकडे पाहत राहिले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागलं. ती खोकणारी सहा माणसं. बाईंच्या हातून घसरलेली टोपली. त्यांनी मान खाली घालून आपल्या नव्या जाकिटाकडे पाहिलं, आणि बायकोच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "खरं सांग. हे जाकीट कुठल्या रंगाचं आहे?"

बाईंनी तोंड उघडलं. या वेळी मिटलं नाही.

"पुढची बाजू विचारताय," त्या म्हणाल्या, "की पाठ?"